धरा म्हटलं की धरा

पॅड मी स्वतःच बदलले, नुसत्या रागावर.
गॅरेजवाल्यानं दोनशे दहा पौंड सांगितले होते.
पिस्टन मागं सरकेना म्हणून निपल सैल केलं,
जरा जास्तच सैल केलं बहुतेक.
संध्याकाळी पेडलवर पाय ठेवला
तर ते खाली जातच राहिलं,
चहात बुडवलेल्या पावात बोट जावं तसं.

आणि आमची गल्ली म्हणजे हॅलिफॅक्सचा तो उतार,
जिथं पिशवीतून पडलेला बटाटा
थेट खालच्या चर्चपाशी जाऊन थांबतो.

अण्णा खिडकीतून बघत होते.
सहा महिन्यांचा व्हिसा, दोन स्वेटर, वर माझा जुना कोट.
एकतीस वर्षं एसटी, कोल्हापूर–वैभववाडी, घाटाची ड्यूटी.
मला सायकलसुद्धा शिकवली नव्हती त्यांनी.
खाली आले. "पंप मारून बघितलास?"
"बघितलं. तिसऱ्या खेपेला घट्ट लागतं, मग परत मऊ."
"मग हवा हाय."
एवढं बोलून, न विचारता, सीटवर जाऊन बसले.

मागचं डावं चाक आधी, सगळ्यात लांबचं.
मी फरशीवर आडवी, कानाशी गार चिखल,
निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक
लिंबाच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
हातात दहाचा पाना.
"दाबा." "दाबलं." "धरा."
पाव फेरा सैल, पेडल खाली, पुन्हा आवळ. "सोडा."
जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम देत होते
आणि ते "जी" म्हणत होते, थोडं चिडवत, थोडं खरंच.

"आमच्यात उलटं," वरून आवाज आला,
"आमच्या गाडीत हवाच बिरेक मारायची.
हवा गेली की संपलं."
"धरा."
"धरलंय."
नळीत बुडबुडे आले, मोहरीएवढे,
मग साबुदाण्याएवढा एक.

"करूळ घाटात गेली एकदा. काटा शून्यावर."
मी पाना आवळला. सोडा म्हणायचं राहून गेलं.
"मागं बेचाळीस माणसं, त्यात एक नवी नवरी, आणि कुणाची तरी शेळी.
गियर उतरवत गेलो. डोंगराच्या अंगाला
गाडी घासत घासत नेली.
पत्रा फाटला, माणसाला खरचटलं न्हाई.
तुझ्या आईला बी ठावं न्हाई."

"कधी?"
"तू चौथीत. त्या रात्री मी जेवलो न्हाई."

ती रात्र मला पाठ होती. सारलेलं ताट,
आईचं ओठावर बोट, आम्ही तिघं भावंडं
झोपेचं सोंग घेऊन एका वाकळेत.
अण्णांना राग आलाय, असं मीच धाकट्यांना सांगितलं होतं,
आणि तो राग मी तीस वर्षं सांभाळला,
इथवर आणला, सामानात वजन न भरता.

चाकाआडून त्यांचं तोंड दिसत नव्हतं.
"उज्जे, सोडू का? पाय भरून आला."
"सोडा. सोडा."

समोरच्या अ‍ॅक्रॉइडबाई चहाचे दोन मग घेऊन आल्या,
गाडी बिघडली का म्हणाल्या.
"एअर," अण्णा म्हणाले, "ओन्ली एअर,"
आणि त्यांच्या चहात साखर नाही हे कळूनही पिऊन टाकला.
टाकीत तेल कमी होऊ देऊ नकोस, असं मला चारदा बजावलं.
दोनदा मी ते आधीच भरलं होतं.

चौथ्या चाकाला अंधार पडला. मोबाइल दातात धरून उजेड केला.
शेवटी नळीतून नुसतं तेल, मधासारखं, अखंड.
पेडल वरच अडलं, दगडासारखं नाही,
पंजा लढवताना समोरचं मनगट लागतं ना, तसं.

सकाळी सपाटीवर पाच-सहा वेळा ब्रेक मारून बघितला.
अण्णा डावीकडे, कंडक्टर बसल्यागत, मांडीवर मफलर.
उताराच्या तोंडाशी मी थांबले.
त्यांनी बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा टकटक केलं,
मग पुटपुटले, "पयल्यातच ठेव. घाट हाय."